मोडलेल्या नेमाचं काय करायचं?

गेल्या महिन्यात या सदरात मी लिहिलं होतं की, आठवडाभर तासतास घाम गाळून नंतर महिनाभर पायात बूट न घालणाऱ्या माणसापेक्षा, रोज जेवण झाल्यावर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो. ते काहींना पटलं, काहींना झोंबलं. बरीच पत्रं आली आणि बहुतेकांत एकच गाऱ्हाणं होतं : नेम धरला, मोडला, पुन्हा धरला, पुन्हा मोडला. म्हणून दिवाळीआधीचा हा अंक त्याच विषयाला देते. पत्रं छाटली आहेत आणि कुणाची ओळख पटेल असा मजकूर काढून टाकला आहे.

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझं वय ४६, मी शाळेत शिकवते. मे महिन्यात तपासणी केली तेव्हा एचबीए१सी ६.१ आलं. ‘मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात,’ असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. आईला मधुमेह होता, त्यामुळे धसकाच घेतला. आषाढी एकादशीपासून नेम धरला : पहाटे पाचला उठून तासभर चालायचं, साखर बंद, भात बंद, रात्री फक्त सूप. दहा-बारा दिवस छान गेले. मग सासूबाई पडल्या. दवाखाना, घर, शाळा यांत चालणं राहिलं. एक दिवस दमून आले आणि शेजारून आलेल्या बासुंदीच्या दोन वाट्या संपवल्या. ‘आता मोडलंच आहे, तर मोडू दे,’ असं होऊन सगळंच सुटलं. गणपती झाल्यावर पुन्हा धरलं, ते पितृपक्षात गेलं. नवरात्रात धरलं, ते दसऱ्यालाच संपलं. रोज सकाळी वजन करते, तो काटाही हलत नाही. आता दिवाळीच्या पाडव्यापासून नक्की करायचं ठरवलंय. पण मनात येतं, माझ्यात जिद्दच नाही का?
— एक शिक्षिका, चिंचवड

उत्तर : ताई, सासूबाईंचं दुखणं, घर आणि शाळा एकाच वेळी ओढणाऱ्या बाईत जिद्द नाही, हे मी काही मान्य करणार नाही. गडबड झाली आहे ती नेम बेतण्यात. तुम्ही तो वर्षातल्या सगळ्यात निवांत दिवसावर बेतलात. पहाटे जाग आली आहे, पाऊस नाही, कुणी आजारी नाही, पेपर तपासायचे नाहीत, पाहुणे नाहीत. असे दिवस आपल्या घरांत महिन्याला किती येतात? उरलेल्या दिवशी नेम मोडणार, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं असतं.

आता त्या बासुंदीकडे येऊ, कारण तुमच्या पत्राचा सगळा जीव तिच्यातच अडकलाय. एचबीए१सी म्हणजे नेमकं काय, हे रिपोर्ट हातात देताना आपल्याकडे क्वचितच कुणी सांगतं. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या काळात रक्तात साखर जितकी जास्त, तितकी ती पेशीतल्या हिमोग्लोबिनला जास्त चिकटते. त्यामुळे ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, आणि त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा सगळ्यात मोठा. ५.७ ते ६.४ हा उंबरठा, ६.५ आणि त्यापुढे मधुमेह. तुमच्या दोन वाट्या त्या सरासरीत भिंग घेऊन शोधल्या तरी सापडायच्या नाहीत. बासुंदीनंतर सुटलेले पाच-सहा आठवडे मात्र सापडतील. शरीर हिशेब ठेवतं तो असा. तुम्ही एका संध्याकाळसाठी स्वतःला शिक्षा केलीत आणि ती शिक्षा म्हणून आणखी चाळीस संध्याकाळी घालवल्यात.

यात तुम्ही एकट्या नाही. १९७५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. काही तरुणींना आधी मिल्कशेक दिलं आणि नंतर चव घेण्याच्या निमित्तानं आइस्क्रीम पुढे ठेवलं. ज्या एरवी खाण्यावर बंधन ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलं होतं, साहजिकच आहे. पण ज्या डाएट करत होत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त खाल्लं. पथ्य मोडलं होतं ना! म्हणजे ‘आता मोडलंच आहे’ हा विचार कडक पथ्य करणाऱ्यांच्याच डोक्यात येतो. नियम जितका कडक, तितका तो मोडल्यावरचा घसरडा उतार मोठा. दूध थोडं उतू गेलं म्हणून पातेल्यात उरलेलं कुणी मोरीत ओततं का? तुम्ही तर नक्कीच नाही ओतणार.

आणि तो वजनकाटा काही दिवस माळ्यावर टाका. चेन्नईत असाच उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना साधारण तीन वर्षांत मधुमेह झाला. रोज अर्धा तास भरभर चालणं आणि जेवणात साधे बदल, एवढ्याचा पाठपुरावा ज्या गटाकडून करून घेतला, त्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. गंमत अशी की त्यांचं वजन म्हणावं तसं उतरलंच नव्हतं. आपल्यासारखीच माणसं, भातसांबार खाणारी. काटा हलत नव्हता, तरी आत फरक पडत होता.

मग तुम्ही काय करायचं? सगळ्यात वाईट दिवसाचा नेम आधी ठरवा. सासूबाईंना दवाखान्यात ठेवलंय, घरी यायला नऊ वाजलेत, अशा दिवशीही जेवढं जमेल तेवढंच. माझ्या मते तुमच्यासाठी ते म्हणजे रात्रीचं जेवण झाल्यावर दहा मिनिटं चालणं. गच्चीत, सोसायटीत, दवाखान्याच्या व्हरांड्यात, कुठेही. जेवणानंतरच का, तर चालताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतात, आणि जेवणानंतर नेमकी ती वाढलेली असते. हे झालं की त्या दिवसाचा नेम झाला, पूर्ण झाला. जास्त जमलं तर जरूर चाला. रविवारी तासभर चाला, मैत्रिणीला घेऊन डोंगर चढा. पण ते वरचं, ते नाही झालं तर काही मोडलेलं नाही.

भात बंद करू नका. जो पदार्थ तुमच्या आईनं, आजीनं रोज रांधला, तो कायमचा बंद करण्याची प्रतिज्ञा फार दिवस टिकत नाही, हे मी दवाखान्यात रोज बघते. भाताची वाटी अर्धी करा आणि आमटीची, उसळीची दुप्पट. कोशिंबीर आधी संपवा. रात्रीचं सूप हे जेवण नव्हे. दहा वाजता ते बिस्किटांचा डबा उघडायला लावतं. चहातली साखर अर्धी करा आणि दोन महिने तिथेच राहा.

एक दिवस सगळंच राहिलं तर? राहू दे. व्यायामानं स्नायू इन्सुलिनला जास्त चांगली साथ देऊ लागतात आणि तो परिणाम एक ते तीन दिवस टिकतो. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनचा सल्लाही असाच आहे की, हालचालीविना लागोपाठ दोनपेक्षा जास्त दिवस जाऊ देऊ नयेत. मी माझ्या पेशंटना त्याहून जरा घट्ट सांगते : एक दिवस बुडाला तर बुडाला, दुसऱ्या दिवशी निदान ती दहा मिनिटं.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. हिमोग्लोबिन कधी तपासलंत? लोह कमी असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं, आणि आपल्याकडच्या चाळिशीतल्या बायकांत लोह कमी असणं काही नवलाचं नाही. पुढची तपासणी जानेवारीच्या शेवटी करा, तेव्हा दोन्ही एकदम बघून घ्या.

पाडव्याची वाट बघू नका. हा अंक हातात पडेल तो जो वार असेल, त्या रात्री जेवण झाल्यावर.

प्रश्न : वय ३४, हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सात-आठ महिन्यांपासून रोज दहा हजार पावलं, एकही दिवस चुकलो नाही. घड्याळावर तशी सलग नोंद आहे. कमी पडली तर रात्री साडेअकराला पार्किंगमध्ये फेऱ्या मारतो. मागच्या आठवड्यात १०१ ताप होता, तरी पूर्ण केली. उजवा गुडघा महिनाभर दुखतोय. बायको म्हणते, हे वेड आहे. पण ही साखळी एकदा तुटली की सगळंच सुटेल अशी भीती वाटते.
— पुणे

उत्तर : बायको बरोबर आहे.

दहा हजार हा आकडा कुठून आला, ते आधी सांगते. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानमध्ये चालण्याची लाट आली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या एका कंपनीनं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं. त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. आकडा गोल, लक्षात राहणारा, जाहिरातीला छान. कुठल्या प्रयोगशाळेत सिद्ध होऊन तो आलेला नाही. प्रत्यक्ष मोजणी पुष्कळ उशिरा झाली. २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांवर वयस्कर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी वय ७२. दिवसाला २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमधलं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. फायदा वाढत वाढत साडेसात हजारांच्या सुमाराला सपाट झाला. तुम्ही ३४ चे आहात, तुम्ही जास्त चाला, माझी ना नाही. पण ९,२०० वर झोपलात तर यमदूत पार्किंगमध्ये थांबलेला नसतो.

अंगात ताप असताना व्यायाम करायचा नाही. यात चर्चा नाही. ताप असताना हृदयावर आधीच ताण असतो. गुडघा महिनाभर दुखतोय, तर तो या आठवड्यात कुणाला तरी दाखवा. दुखणं अंगावर काढून पावलांची संख्या राखणं म्हणजे तब्येतीसाठी घेतलेल्या घड्याळाची तुम्ही चाकरी करताय.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेलं माप आठवड्याचं आहे, दिवसाचं नाही : मध्यम जोराची हालचाल आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, आणि शिवाय स्नायूंना ताकद देणारे व्यायाम निदान दोन दिवस. एका वेळी किमान दहा मिनिटं झाली तरच धरायची, ही जुनी अटही त्यांनी तेव्हा काढून टाकली. तुमच्या पत्रात ताकदीच्या व्यायामाचा उल्लेख कुठेच नाही. पावलं चालू आणि मांड्या कच्च्या, मग गुडघा बोलणारच. डॉक्टरांनी परवानगी दिली की आठवड्यातले दोन दिवस खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून बसणं, पायऱ्या हे सुरू करा.

आणि एक औषध लिहून देते. येत्या रविवारी घड्याळ कपाटात ठेवा आणि ती साखळी स्वतःच्या हातानं तोडा. सोमवारी पुन्हा चालायला जा. बघा काही सुटतंय का.

प्रश्न : डॉक्टरबाई, आपलं सदर नियमित वाचतो, परंतु गेल्या अंकातला सल्ला पटला नाही. मी ७१ वर्षांचा निवृत्त मुख्याध्यापक. चाळीस वर्षं पहाटे साडेचारला उठून २५ सूर्यनमस्कार, मग तळ्यापर्यंत फेरी. एक दिवस खंड नाही. ‘चुकलं तरी चालतं’ असं डॉक्टरच म्हणू लागले, तर लोक एका दिवसाचे चार दिवस करतील. शिस्तीला पर्याय नाही.
— बार्शी

उत्तर : सर, नमस्कार. ७१ व्या वर्षी २५ सूर्यनमस्कार घालणाऱ्या माणसाला मी काय सल्ला देणार? तुमचं शरीरच माझ्यापुढे पुरावा म्हणून उभं आहे. लोक एका दिवसाचे चार दिवस करतात, हेही खरंच. पण ज्यांना ‘एकही दिवस नाही’ असं बजावलेलं असतं, ते चार दिवसांचे चार महिने करतात, आणि त्या चार महिन्यांनंतर ते माझ्याकडे येतात, तुमच्याकडे नाही. म्हणून आपल्या दोघांचं मत वेगळं पडतं.

तरी एक विचारू का, रागावू नका. फिरून आल्यावर चहा कोण ठेवतं? मुलं लहान असताना रात्री कुणाचं अंग तापलं, तर उशाशी कोण बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी साडेचारला कोण उठायचं? परीक्षेच्या दिवसांत डबे कोण करायचं? चाळीस वर्षांच्या अखंड नेमामागे बहुतेक घरांत आणखी एका माणसाचे चाळीस वर्षांचे मोडलेले नेम असतात. ते माणूस बेशिस्त असतं म्हणून नाही. घरातल्या सगळ्या अडचणी ते आपल्या अंगावर घेतं, म्हणून तुमची पहाट मोकळी राहते. तुमच्या घरी असं नसेलही; मी तुमचं घर पाहिलेलं नाही. पण या सदराला पत्रं लिहिणाऱ्यांत बायका जास्त आहेत, आणि त्या बहुतेक त्या दुसऱ्या बाजूच्या आहेत. त्यांना मी तुमचा नेम सांगितला तर त्या आठ दिवसांत स्वतःलाच दोष देत बसतील. चिंचवडच्या ताईंचं पत्र वर आहेच.

दुसरं म्हणजे, तुमच्या नेमाला माणसांचाही आधार असावा असा माझा अंदाज आहे. तळ्याकाठी भेटणारी चार मंडळी, एखादा दिवस दिसला नाहीत तर ‘काय झालं हो?’ म्हणून विचारणारी. आमच्या सांगलीत आयर्विन पुलाकडे सकाळी फिरणाऱ्यांचे असेच घोळके आहेत. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचा पूर शहरात शिरला तेव्हा सगळ्यांचीच फिरणी बंद पडली. चिखल, साफसफाई, विम्याचे कागद. नंतर कोण परतलं, ते मी बघत होते. कडक नियमवाले परतले आणि ढिले परतले नाहीत, असं काही झालं नाही. ज्यांचा घोळका होता ते परतले. शिस्त हवीच सर, पण ती एकट्याच्या मनगटावर उभी असते, हे मला तरी दिसत नाही.

आणि डॉक्टर म्हणून एक विनंती. ज्या दिवशी चक्कर येईल, छातीत जड वाटेल किंवा ताप असेल, त्या दिवशी खंड पडू द्या. चाळीस वर्षांचं काही बिघडत नाही.

प्रश्न : मला तीन वर्षांपासून रक्तदाब आहे. गोळी आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी राहून जाते. कधी प्रवासात, कधी उपासाच्या दिवशी. तुम्ही म्हणता, अगदी शंभर टक्के नको, चालू ठेवणं महत्त्वाचं. मग हे चालेल ना? यजमानांनीही तुमचं सदर वाचून सोयीचा अर्थ काढलाय. पूर्वी दिवसभर तंबाखू असायची, आता जेवणानंतर दोनदाच. ‘कमी केलीय आणि कमीच ठेवीन,’ म्हणतात.
— एक गृहिणी, रत्नागिरी

उत्तर : बरं झालं विचारलंत. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे, पण कारणं वेगळी आहेत.

चालणं चुकलं तर त्याचा थोडाफार परिणाम मागे उरलेला असतो. गोळीचं तसं नाही. रक्तदाबाच्या बऱ्याच गोळ्यांचा अंमल साधारण एका दिवसाचाच धरलेला असतो, म्हणून ती रोज लिहून दिलेली असते. गोळी राहिली की दाब वर जातो आणि तो वर गेलेला तुम्हाला कळतही नाही. डोकं दुखलं तरच दाब वाढतो, ही समजूत काढून टाका. वाढलेला दाब बहुतेक वेळा गुपचूप बसलेला असतो. काही गोळ्या तर अशा आहेत की अचानक थांबवल्या तर दाब उसळी मारून पूर्वीपेक्षा वर जातो. तुमची गोळी त्यांतली आहे का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

उपासाला पाणी चालतं, मग पाण्याबरोबर गोळीही चालते. संकष्टीला, गुरुवारी, एकादशीला, सगळ्या दिवशी. कुठलाही देव यावर रागावलेला माझ्या ऐकण्यात नाही. गोळ्यांची पट्टी टूथब्रशच्या शेजारी ठेवा आणि दुसरी पट्टी पर्समध्ये कायमची. औषधाच्या दुकानात सात वारांची खणं असलेली डबी मिळते. मंगळवारचा खण भरलेला दिसला की कळतं, घेतली नाही. राहिलीच तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर नेहमीची एकच घ्या, कालची भर म्हणून दोन घेऊ नका. मात्र स्वतःला फटके मारत बसू नका. डबी हाताशी ठेवली की निम्मं काम होतं.

आता यजमान. दिवसभरावरून दोनदावर आले, हे कष्टाचं काम त्यांनी केलं आहे. त्याबद्दल त्यांना टोमणा मारू नका. पण तिथे थांबता येत नाही. तंबाखूचं ‘एवढी चालते’ असं माप नाही. जेवणानंतरची ती चिमूट गालात तशीच बसते, आणि निकोटीनची ओढही ती जिवंत ठेवते. म्हणूनच दोनाच्या चार व्हायला एक लग्न किंवा एक वाईट बातमी पुरते. इथे ठरवायचं ते पूर्ण बंद करण्याचं. दिवस ठरवा, घरातल्या आणि गाडीतल्या पुड्या फेकून द्या, मित्रांना सांगा. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे, फोन मोफत आहे, समुपदेशक बोलतात. निकोटीनचे च्युइंगगम आणि औषधंही आहेत, ती डॉक्टरांना विचारून. (गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. टपऱ्यांना ते अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.)

सोडल्यावर एखाद्या दिवशी हात पुडीकडे गेलाच, तर? इथे मी पुन्हा माझ्या मूळ म्हणण्यावर येते. एक चिमूट घेतली म्हणजे सोडणं फसलं असं नाही. ती घेतल्यावर ‘आता काय, चालूच करू’ म्हणून पुडी विकत घेतली, तर मात्र फसलं. उद्दिष्ट पूर्ण बंदचं ठेवायचं आणि पाय घसरला तर त्याच दिवशी उठायचं. अनेकजण पहिल्या फटक्यात सोडू शकत नाहीत. तीन-चार वेळा सोडून मग कायमची सोडलेले माझ्याकडे पुष्कळ येतात.

दरम्यान त्यांचं तोंड एकदा तपासून घ्या. पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा तोंडात तीन बोटं उभी न मावणं, यातलं काहीही असेल तर दिवाळी होऊ द्यायची वाट बघू नका.

प्रश्न : मी २९ वर्षांची, मुंबईत स्टाफ नर्स आहे. मॉर्निंग, इव्हनिंग, नाइट असं सतत बदलत असतं, त्यात लोकलचा प्रवास. ‘एकवीस दिवस ठरलेल्या वेळी करा, सवय लागते,’ असं सगळे सांगतात. माझे एकवीस दिवस कधी भरतच नाहीत.
— डोंबिवली

उत्तर : ते भरायची गरजही नाही. एकवीस दिवसांची गोष्ट मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनपासून सुरू झाली. ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटना निदान एकवीस दिवस तरी लागतात, असं त्यांनी १९६० साली लिहिलं. त्यातलं ‘निदान’ गळालं आणि चेहऱ्याच्या जागी चालणं, योगासनं, डायरी असं काहीही आलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तेव्हा एखादी गोष्ट अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागतील असं दिसलं. आणि पसरट किती, तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत! अधेमधे एखादा दिवस चुकल्यानं काही बिघडलं नाही, हेही त्यांनी नोंदवलं. तुझ्या कामाचा भाग पुढचा आहे : त्या लोकांनी घड्याळ धरलं नव्हतं. त्यांनी ‘नाश्ता झाला की’, ‘जेवणाआधी’ असा रोजचा एखादा प्रसंग धरला होता.

(तुला अगं-तुगं करते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस.) तुझी वेळ बदलते, पण ड्यूटी संपल्यावर युनिफॉर्म बदलणं बदलत नाही. मॉर्निंग किंवा इव्हनिंग असेल तर युनिफॉर्म बदलला की तिथेच पाच मिनिटं भिंतीला हात टेकून दंड आणि उठबस. स्टेशनवर सरकत्या जिन्याऐवजी पायऱ्या, गर्दीनं जागा दिली तर. नाइट असेल तर व्यायाम करूच नकोस. नाइटनंतर तुझा नेम एकच : घरी जाऊन, खोलीत अंधार करून, फोन लांब ठेवून झोपणं. झोप मोडून जिमला जाणाऱ्या नर्स मी पाहिल्या आहेत, आणि महिन्याभरात त्यांचं दोन्ही जातं. रात्री तीनला कँटीनमधला वडा खाण्यापेक्षा पिशवीत भाजलेले चणे आणि एखादं फळ असू दे. ते कधी विसरलीस, तर वडा खा आणि उपाशी राहू नकोस. पेशंट तुझ्या हातात आहेत.

प्रश्न : शुगर बॉर्डरवर आहे, गोळी नाही. नातवंडं येणार. यंदा फराळ करू की नको?
— आजी, कोल्हापूर

उत्तर : करा की. फक्त डबे लहान करा. किलोकिलोच्या चकल्या पुढे तुळशीच्या लग्नापर्यंत दुपारच्या चहाबरोबर तुम्हीच संपवता. चार दिवस खा, लाडू एका वेळी एकच, आणि तो चिवड्याच्या बशीबरोबर नव्हे तर जेवणाच्या शेवटी. भाऊबीज झाली की उरलेलं मुलांच्या गाडीत भरून द्या. रात्री जेवण आटोपलं की नातवंडांना घेऊन गल्लोगल्लीचे किल्ले बघायला निघा. मावळे कुठे उभे केलेत, बुरुज कुणाचा उंच, हे बघता बघता अर्धा तास सहज जातो, आणि पोरं लवकर परतू देणार नाहीत ते वेगळंच.